जुना रेडिओ, फोन, टेपरेकॉर्डर संग्रहात आला की काय करायचं (आणि प्लग का लावायचा नाही)

गावच्या वाचनालयाने, शाळेने किंवा एखाद्या कारखान्याने संग्रहालयासाठी एक खोली दिली की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी मर्फीचा रेडिओ आणून ठेवतं, मागोमाग काळा डायलचा फोन येतो, मग स्पूलचा टेपरेकॉर्डर, मग शटरवाला टीव्ही. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक वाक्य येतंच येतं, "शेवटपर्यंत चालू होता हो, लावून बघा." हा सगळा लेख त्या "लावून बघा"च्या विरोधात आहे असं समजा. पन्नास-साठ वर्षं माळ्यावर शाबूत राहिलेले सेट संग्रहालयात आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांत जळतात आणि त्याला कारण फक्त उत्साह.

खाली जे लिहिलंय ते मोठ्या म्युझियमसाठी नाही, त्यांच्याकडे लॅब असते, माणसं असतात. हे छोट्या संग्रहांसाठी आहे, जिथे एक कपाट, दोन रॅक, एक उत्साही मास्तर आणि वर्षाला जेमतेम बजेट असतं.

वस्तू घ्यायच्या आधी

सगळं घेऊ नका. एकाच मॉडेलचे पाच ट्रान्झिस्टर घेऊन रॅक भरण्यापेक्षा एकच घ्या, पण तो कुणाच्या घरी होता, कुठे ठेवलेला असायचा, काय ऐकलं जायचं हे सगळं त्याच्यासोबत घ्या. देणाऱ्याला समोर बसवा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या. ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात काम केलेला माणूस असेल तर त्याचं बोलणं त्या रेडिओपेक्षा दुर्मिळ आहे, कारण रेडिओ जुन्या बाजारात अजूनही मिळतो, तो माणूस मिळणार नाही.

वस्तूबरोबरचे कागद आवर्जून मागा. पूर्वी घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, त्याची छोटी पुस्तिका असायची. १९८०च्या दशकात हे लायसन्स रद्द झालं आणि लोकांनी पुस्तिका रद्दीत टाकल्या. बिल, गॅरंटी कार्ड, सर्किटचा कागद, चामड्याचं कव्हर, वर टाकायचा भरतकामाचा रुमाल, सगळं मागा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे एरियल. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची ती पट्टी आठवत असेल, ती बहुतेक घरांत अजून खिळ्याला लटकत असते आणि घर पाडताना भंगारात जाते.

दानपत्र लेखी घ्या. साधा कागद चालेल, पण त्यात वस्तू कायमची दिली आहे, परत मागणार नाही, आणि संग्रहालय ती कशी दाखवेल ते ठरवेल हे स्पष्ट असू दे. दहा वर्षांनी नातू येऊन "आजोबांचा रेडिओ परत द्या" म्हणतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. वायरलेस सेट, वॉकीटॉकी, लष्करी ट्रान्समीटर असं काही कुणी आणलं तर ते घेण्याआधी परवान्याची चौकशी करा, ट्रान्समीटर बाळगायलाही कायद्याने परवानगी लागत आलेली आहे.

आल्या दिवशी

वस्तू थेट रॅकवर नको. वेगळी जागा करा, दुसरी खोली नसेल तर जिन्याखालची जागा चालेल पण बाकी संग्रहापासून लांब. लाकडी कॅबिनेटमध्ये भुंगा असू शकतो, तर सेट काळ्या कागदावर ठेवा आणि दोन-तीन आठवडे बघत राहा, कागदावर ताजा पिवळसर भुसा पडला म्हणजे आत किडा जिवंत आहे. तसं झालं तर किडे मारायचा स्प्रे आत मारू नका, सेट प्लॅस्टिकमध्ये सील करून ठेवा आणि जाणकाराला विचारा. मागचं झाकण काढल्यावर कुंभारीण माशीची मातीची घरटी, पालीची अंडी, झुरळांचा कचरा, उंदराने कुरतडलेल्या वायरी हे सगळं सापडणार आहे, घाबरू नका, पण मास्क आणि नायट्रिलचे हातमोजे घालूनच हात घाला.

सेल असतील तर लगेच काढा. आधी फोटो, मग सेल बाहेर. फुटलेल्या सेलची पावडर दोन प्रकारची असते. साध्या कार्बन-झिंक सेलची गळती आम्लधर्मी असते, अल्कलाइन सेलची उलट. त्यामुळे यूट्यूबवर बघून सरसकट व्हिनेगर चोळायचं नाही. आधी कोरड्या ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जुने कॉम्प्युटर, कॅल्क्युलेटर, कॉर्डलेस फोन यांच्या सर्किट बोर्डावर सोल्डर केलेली छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ती गळली की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, ती मात्र रिपेअरवाल्याकडून काढूनच घ्या. पेजर आणि पहिल्या पिढीतल्या मोबाईलचंही तेच, बॅटरी बाहेर, आणि फुगलेली असेल तर संग्रहात ठेवायचीच नाही.

प्लग का लावायचा नाही

व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत मेण लावलेले कागदी कंडेन्सर (एसी जाऊ देणारे, डीसी अडवणारे छोटे भाग) असतात. इतक्या वर्षांत तो कागद दमट झालेला असतो आणि डीसी अडवायचं त्याचं कामच तो करत नाही. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कंडेन्सर लीक असला की व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, लाल होतो, आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्याने कमजोर झालेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले की शॉर्ट. रबरी इन्सुलेशनच्या वायरी हात लावला की बिस्किटासारख्या तुटतात. गंमत म्हणजे सेट कधीकधी खरंच लागतो, आवाजही येतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि दहा मिनिटांनी धूर येतो.

दुसरी गोष्ट जिवाची. व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. यूसीएल८२, यूवाय८५ असे 'यू'ने सुरू होणारे नंबर असतील तर तो एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा) सेट आहे, त्यात मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) सरळ मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की सगळी चासी लाइव्ह. नॉब हरवलेला असेल तर त्याची उघडी दांडीसुद्धा लाइव्ह, आणि शाळेतल्या संग्रहालयात त्या दांडीला पहिला हात कोण लावणार ते तुम्हाला माहितेय. ईएल८४, ईझेड८० असे 'ई'चे नंबर बहुतेक ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये. डीके९६, डीएएफ९६ असे 'डी'चे नंबर म्हणजे वीज न पोचलेल्या गावातला बॅटरी सेट, त्याला फिलामेंटसाठी (व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेसाठी) जेमतेम दीड व्होल्ट आणि बाकी कामासाठी सुमारे ९० व्होल्ट वेगळं लागायचं. चुकीचं व्होल्टेज दिलं की सगळे फिलामेंट एकदम जातात. हे तीन अक्षरांचं गणित रजिस्टरला लिहून ठेवा, पुढच्या माणसाला उपयोग होतो.

मग करायचं काय? प्लगचं टोक कापू नका (तेही मूळ वस्तूचा भाग आहे), त्याला कापडी पिशवी बांधा आणि वर "जोडू नये" अशी चिठ्ठी.

नोंद

प्रत्येक वस्तूला नंबर. सोपी पद्धत, वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्यातली कितवी वस्तू, म्हणजे २०२४.७.१ रेडिओ, २०२४.७.२ लायसन्स, २०२४.७.३ एरियल. नंबर मार्करने लिहायचा नाही, स्टिकर तर अजिबात नाही, त्याचा गोंद कायमचा राहतो. पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर शाईने नंबर आणि वर परत एक थर, ही जगभरातली पद्धत आहे आणि गरज पडली तर ॲसिटोनने निघते. पण प्लॅस्टिकच्या आणि पॉलिश केलेल्या वस्तूंवर हे नको, तिथे सुती दोऱ्याने टॅग बांधा.

फोटो सहा बाजूंनी, मग झाकण काढून आतले. आतले फोटो साफ करण्याच्या आधी काढायचे. का, तर मेकॅनिकच्या खुणा. चासीवर पेन्सिलने तारीख, कॅबिनेटच्या आत दुकानाचा जांभळा शिक्का, बदललेला कंडेन्सर, दुसऱ्याच कंपनीचा स्पीकर, हा सगळा त्या सेटचा इतिहास आहे. डायलवर कुणीतरी रेडिओ सिलोनच्या जागी पेनने बारीक रेघ मारलेली असते, कारण शॉर्टवेव्हवर ते स्टेशन दर बुधवारी बिनाका गीतमालेसाठी शोधत बसायला कुणाला वेळ होता. आणि खंडेनवमीचं हळदकुंकू! कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात, नाहीतर नॉबच्या वर, सुकलेलं कुंकवाचं बोट दिसतं. ते पुसायचं नाही. परदेशातलं मॅन्युअल वाचून कुणी "सरफेस डर्ट" म्हणून ते पुसायला निघालं तर हात धरा. तसाच रेडिओ इंग्लंडमधेही बनला असेल, पण त्याची पूजा आपल्याकडेच झाली.

साफसफाई

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून सावकाश सांगतो.

मऊ केसांचा ब्रश आणि कमी जोराचा व्हॅक्यूम क्लीनर, नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावून, म्हणजे सुटलेला स्क्रू किंवा कागदाचा कपटा आत ओढला जाणार नाही. ब्रशने धूळ नळीकडे ढकलायची. ब्लोअर नको, धूळ ट्यूनिंगच्या पत्र्यांत जाऊन बसते.

व्हॉल्व्हची काच पुसू नका. वर छापलेला नंबर आणि कंपनीचं नाव नुसत्या अंगठ्यानेसुद्धा निघतं, आणि नंबर गेला की व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? नंबर सोडून बाकी काच कोरड्या ब्रशने, बस.

डायलची काच त्याहून नाजूक. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेली असतात आणि तो रंग सुटत आलेला असतो. पुढची बाजू किंचित ओलसर कापसाने पुसायला हरकत नाही, मागची बाजू ओल्या कापसाने पुसली की दिल्ली, मुंबई, कलकत्ता सगळी शहरं कापसावर येतात. मागे हात नाही म्हणजे नाही.

बेकेलाइटच्या आत लाकडाचा भुसा भरलेला असतो, वरचा गुळगुळीत थर उन्हाने गेला असेल तर पाणी आत शिरतं. धुऊ नका. लाकडी कॅबिनेटवर लाखेचं किंवा लॅकरचं पॉलिश असतं, स्पिरिट किंवा थिनर लावला की ते विरघळतं, त्यामुळे "जरा स्पिरिटने चकाचक करू" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. स्पीकरवरचं कापड काढून धुऊ नये, आकसतं आणि परत बसत नाही.

टेलिग्राफची की (संदेश पाठवायची दाबायची पट्टी), साउंडर (आलेला संदेश टकटक ऐकवणारं यंत्र), फोनची घंटा यांचं पितळ पॉलिशने चमकवायचं नाही. दर वेळी थोडा धातू जातो, कोरलेला नंबर पुसट होतो, आणि पॉलिशची पांढरी पावडर कोपऱ्यात बसून राहते. तारेची सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, म्हणजे ज्यांच्या बोटांनी ती की काळपट झाली ते लोक अजून भेटतात. चकाकी हवीच असेल तर शेजारी नवीन पितळेचा तुकडा ठेवा. तार ऑफिसातल्या वस्तू मिळाल्या तर कोरे फॉर्म आणि शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची नंबरवार यादी पण शोधा, त्या कीपेक्षा लोक त्याच्यासमोर जास्त वेळ थांबतात.

फोनचं थोडक्यात. विणलेल्या सुती आवरणाची दोरी मोकळी सोडा, घट्ट गुंडाळू नका. हँडल फिरवायच्या मॅग्नेटो फोनमधून चांगलाच झटका बसतो, तो लाईनशिवायही बसतो, त्यामुळे टर्मिनलला हात लावून हँडल फिरवायची मस्ती नको.

विषारी आणि धोक्याच्या वस्तू

टीव्हीची पिक्चर ट्यूब आत निर्वात असते, तिच्या मागच्या निमुळत्या मानेला धक्का लागला तर फुटून काच उडते, आणि तिच्यावर हजारो व्होल्टचा चार्ज बंद केल्यावरही राहतो. मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झालं, त्या काळातले शटरवाले सेट दिसायला फर्निचर वाटतात म्हणून लोक बिनधास्त मागून हात घालतात. झाकण जाणकारानेच उघडावं.

दुसऱ्या महायुद्धातले लष्करी सेट आणि मीटर आले तर डायलवरचा रंग बघा. अंधारात चमकणारे आकडे रेडियम या किरणोत्सारी धातूचे असू शकतात. आता चमकत नाहीत म्हणजे संपलं असं नाही, चमकवणारा पदार्थ मेला आहे, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडायची नाही, खरवडायचं नाही, वेगळं ठेवून तज्ज्ञाला विचारायचं. जुन्या तेल भरलेल्या कंडेन्सरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं, गळत असेल तर हाताने पुसू नका. व्हॉल्व्हच्या जवळ पांढरट पुठ्ठ्यासारखं काही लावलेलं असेल तर ते ॲस्बेस्टॉस समजून चाला.

ठेवायचं कुठे आणि पावसाळ्यात काय

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. आर्द्रता ४० ते ५५ टक्के असली तर उत्तम, ६५च्या वर गेली की बुरशी. रत्नागिरी-पणजीकडे जुलैत बंद खोलीत ८५-९० सहज असते, तिथे पुस्तकातला आकडा गाठायचा हट्ट धरण्यापेक्षा चढउतार कमी ठेवा. दिवसा एसी आणि रात्री बंद हा सगळ्यात वाईट प्रकार, थंड पत्र्यावर पाणी धरतं. त्यापेक्षा एसी नसलेला बरा. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, स्वस्त मिळतो, आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहा. बजेट असेल तर डीह्युमिडिफायर, नसेल तर छोट्या वस्तू पॉलिप्रॉपिलीनच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. नारंगी सिलिका जेल घ्या, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाच्या आसपास तापवून परत वापरता येते, फक्त तो ओव्हन मग स्वयंपाकाचा नको.

रॅक लोखंडी, पावडर कोटिंगची. नवीन प्लायवूडच्या कपाटातून आम्लाची वाफ निघते आणि सोल्डर, शिसं गंजतं. खालचा कप्पा जमिनीपासून निदान अर्धा फूट वर. बाहेरच्या भिंतीला रॅक चिकटवू नका, ओल तिथूनच येते. वस्तूवर झाकायला मांजरपाट वापरा, पण आधी दोनदा धुऊन खळ काढून टाका, खळीला कसर लागते. वर्तमानपत्र नको. डांबराच्या गोळ्यासुद्धा नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

आणि ज्या वस्तू आपोआप मरतात त्यांची वेगळी यादी करा. कॅसेट प्लेअरचे रबरी बेल्ट डांबरासारखे चिकट होतात, ते आधीच काढून पिशवीत घालून नंबर लावा, नाहीतर सगळ्या यंत्रावर पसरतात. हेडफोनचा फोम चुरा होतो. पीव्हीसीची वायर चिकट होऊन शेजारच्या प्लॅस्टिकला खाते, म्हणून दोन वस्तू एकमेकांना टेकवून ठेवायच्या नाहीत. पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करायची फॅशन आहे, घरच्या छंदासाठी ठीक, संग्रहातल्या वस्तूवर नको.

टेप आणि रेकॉर्डचं घाईचं काम

यंत्र थांबेल, टेप थांबणार नाही. कीर्तन, मुलाखत, गावची सभा असं काही असेल तर यंत्राच्या आधी टेप डिजिटल करून घ्या. स्पूल उजेडासमोर धरा, कडेने उजेड आरपार दिसला तर टेपची पट्टी ॲसिटेटची, नाही दिसला तर पॉलिस्टरची. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास यायला लागला की ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि रांगेत पहिली घ्या. १९७०-८०च्या काही पॉलिस्टर टेप चिकट होतात, वाजवताना करकर करतात, त्या लगेच थांबवा. त्यांना ठरावीक उष्णतेत तासन्‌तास तापवून वाजवता येतं, पण ते काम घरच्या ओव्हनचं नाही, आणि ॲसिटेटला तर कधीच नाही. फाइल डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावात. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख विरघळते.

बरं, पण चालू करायचाच असेल तर

लोकांना आवाज ऐकायचा असतो, ते खोटं नाही. माझा सल्ला असा की मूळ सेटला हात न लावता स्टँडच्या खाली छोटा स्पीकर लपवा आणि त्यावर जुनं ध्वनिमुद्रण लावा, हक्कांची परवानगी घेऊन. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, तो फलक आणि शेजारी आवाज एवढ्याने काम होतं.

एकाच मॉडेलचे दोन सेट असतील तर त्यातला एक "चालू संच" म्हणून रजिस्टरला वेगळा नोंदवा. मग जुना मेकॅनिक शोधा. तो आधी मेन्स न जोडता कंडेन्सर तपासेल, संशयास्पद सगळे बदलेल, मग सिरीज लॅम्प (करंट आवरायला मध्ये जोडलेला बल्ब) लावून, शक्यतो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या), हळूहळू व्होल्टेज चढवेल. काढलेला प्रत्येक पार्ट नाव-तारीख लिहून पिशवीत, फेकायचा नाही. चासीला नवीन भोक नाही, मूळ वायर कापणं नाही, आत ब्लूटूथचा बोर्ड बसवणं तर अजिबात नाही. आणि तो मेकॅनिक काम करत असताना त्याचा व्हिडिओ घ्या, बोट ठेवून काय बोलतो ते सगळं, कारण यातलं बरंचसं कुठल्याच पुस्तकात नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेर सिलिका जेल तापवून घ्या, गळक्या खिडक्या बघा. पावसाळ्यात दर आठवड्याला टॉर्च आडवा धरून बुरशी बघा, सरळ उजेडात दिसत नाही. गणपतीनंतर सगळे डबे एकदा उघडा. दिवाळीच्या साफसफाईत संग्रहालयाची खोली घेऊ नका, ओलं फडकं घेऊन येणाऱ्या मदतनीसांना आधीच सांगून ठेवा. प्रदर्शनात कापड, कागद, चामडं यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, बाकीला २०० पर्यंत चालतं, आणि खिडकीचं ऊन कशावरच नको. अडलात तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रं आहेत, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिथे फोटोसकट लिहून विचारा. खराब सेल आणि नको असलेले बोर्ड भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या आणि त्याची पावती त्याच वर्षाच्या फाइलला लावा.